दान आणि दाद

बडोद्याहून अहमदाबादेकडे निघालेली गाडी शहर मागे टाकते न टाकते तोच बाजवा हे स्थानक लागते. नकाशावर शोधूनच काढावे एवढे हे गाव. पण गुजरातच्या औद्योगिक इतिहासात त्याच्या परिसराचे स्थान मोठे आहे. सरकार आणि खाजगी भांडवल यांच्या भागीदारीतून १९६२ साली स्थापन झालेल्या गुजरात राज्य खत कंपनीचा कारखाना याच गावाच्या शेजारी उभा राहिला आणि १९६७ पासून तेथे खतनिर्मिती सुरू झाली. त्याच सुमारास लगतच्या कोयली येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालू झाला. पुढे रणोली, नंदेसरी, धनोरा या टापूत पेट्रोरसायनांचे, अल्कलीचे आणि रंगद्रव्यांचे कारखाने आले. शेतातील तंबाखू आणि कापूस पाहत वाढलेल्या पिढीची नातवंडे आज चिमण्यांच्या उजेडात अभ्यास करतात. अशा या गावाची चर्चा गोव्यातील एका दैनिकाच्या अग्रलेखाच्या स्तंभात कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, बाजवा परिसरात गेल्या साठ वर्षांत जो प्रश्न उभा राहिला तोच प्रश्न आमच्या सांकवाळात, डिचोलीत आणि सांग्यातही उभा आहे. कारखान्याच्या सावलीत राहणाऱ्या माणसाच्या वतीने बोलावयाचे कोणी? आणि ज्या सेवाभावी संस्थेचा दवाखाना, बालवाडी वा रुग्णवाहिका त्याच कारखान्याच्या देणगीवर चालते, तिच्या अध्यक्षाला अथवा कार्यवाहाला हे बोलणे शक्य आहे काय?

धर्मादाय कार्याची बडोद्यातील परंपरा मोठी, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली प्रांतात आणि १९०६ पासून संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले; १९१० पासून गावोगावी ग्रंथालये उघडली. या राज्यकर्त्याचे मन मोठे होते आणि दृष्टीही दूरची होती. परंतु हे सर्व दान वरून खाली येणारे होते. प्रजेने मागावे आणि मग मिळावे, अशी त्याची रीत नव्हती. राजाला दिसे आणि राजा देई. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि देणारा राजा गेला. त्याची जागा प्रथम सरकारने, मग सार्वजनिक विश्वस्त निधींनी आणि अखेर कारखानदारांनी घेतली. १९६६ साली शहरातील नागरिक, उद्योग आणि विद्यापीठ यांच्या सहकार्यातून बडोदा सिटिझन्स कौन्सिल ही संस्था झोपडपट्टीतील कामासाठी उभी राहिली. १९८२ साली नंदेसरीच्या परिसरात एका रसायन-उद्योगाने दीपक चॅरिटेबल ट्रस्ट स्थापून माता-बालकांच्या आरोग्याचे काम हाती घेतले. या कामांचे मोल कमी लेखण्याचा आमचा बिलकूल हेतू नाही. ज्या मातेचे बाळंतपण सुखरूप झाले, तिच्यासाठी देणाऱ्याच्या कुळाची चौकशी गौण आहे.

मात्र त्याच दशकात त्याच भूमीवर दुसरीही एक गोष्ट घडत होती. या कारखान्यांचे सांडपाणी वाहून नेण्यासाठी धनोऱ्यापासून जंबुसर तालुक्यातील सारोदपर्यंत सुमारे ५६ किलोमीटर लांबीचा एक पाट बांधण्यात आला आणि १९८३ साली तो वाहू लागला. वाटेतील खेड्यांतील शेतकरी आणि सारोदच्या खाडीतील मच्छीमार यांच्या तक्रारींची वाट याच पाटाच्या काठाने जाते. विहिरीचे पाणी बदलले, पिकावर परिणाम झाला, अशी गाऱ्हाणी वर्षानुवर्षे मांडली गेली. ही गाऱ्हाणी नोंदवून घेणे, पाण्याचे नमुने तपासून घेणे, प्रदूषण मंडळाचे स्वतःचेच आकडे गोळा करून ते मंडळापुढे ठेवणे, हे काम पर्यावरण सुरक्षा समितीसारख्या लहान संघटनेने केले. तिच्याजवळ रुग्णवाहिका नव्हती, सभागृह नव्हते, संगमरवरी पाटीवर कोरलेली देणगीदारांची यादीही नव्हती. परंतु याच समितीने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेवर २२ फेब्रुवारी २०१७ रोजी जो निर्णय झाला, तो देशातील प्रत्येक राज्याला लागू झाला. सांडपाण्यावर प्राथमिक प्रक्रिया करणारी यंत्रणा चालू स्थितीत नसेल तर कारखाना चालू देता कामा नये; त्यासाठी नोटिशीनंतर तीन महिन्यांची मुदत; सामुदायिक प्रक्रिया केंद्रांसाठी तीन वर्षांची मुदत आणि देखरेख राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. अंमलबजावणी सर्वत्र चोख झाली असे कोणी म्हणणार नाही. तरीही एका जिल्ह्यातील पाण्याच्या बाटल्यांतून निघालेली तक्रार सर्व देशाचा नियम बनू शकते, एवढे तरी यातून सिद्ध झाले.

येथे आम्ही दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवू इच्छितो. एक दान आणि दुसरा दाद. दान देणारी संस्था आजच्या दुःखावर फुंकर घालते. दाद मागणारी संस्था ते दुःख उद्या पुन्हा येऊ नये म्हणून झटते. पहिलीला समाजात मान मिळतो, तिच्या वर्धापनदिनाला मंत्री येतात, छायाचित्रे छापून येतात. दुसरीला बहुधा ‘विकासाला विरोध करणारी’ ही पदवी मिळते. बाजव्याच्या परिसरात या दोन संस्था दोन वेगळ्या वाटांनी गेल्या आणि आमच्याकडेही बहुतांशी तेच घडले. या फुटीनेच आमच्या सेवाभावी कार्याचे सर्वांत मोठे नुकसान केले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमची स्वतःची परंपरा मात्र अशी नव्हती. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले तेव्हा त्यांनी शाळा आणि वसतिगृहे काढली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९१८ च्या मार्चमध्ये मुंबईत अस्पृश्यतानिवारणासाठी अखिल भारतीय परिषद भरली. तिचे अध्यक्षस्थान बडोद्याच्या सयाजीरावांनीच भूषविले होते, ही गोष्ट या संदर्भात मुद्दाम आठवावी अशी आहे. पुढील वर्षी मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे शिंद्यांनी साक्षही दिली. मुलांना पाटी देणारा हात आणि त्या मुलांच्या हक्कासाठी उठणारा हात एकाच देहाचे होते. आमच्या गोमंतकात राजाराम पैंगीणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या समाजातील मुलामुलींच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि त्याच वेळी देवळाच्या आश्रयाने चालणाऱ्या अपमानास्पद रूढीविरुद्ध आवाजही उठविला. त्यासाठी त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. तो त्यांनी पत्करला.

आणखी अलीकडचे उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या १९८६ साली स्थापन झालेल्या संस्थेने खेड्यातील बायकांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बालमृत्यू कमी झाले आणि १९९९ साली ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. इथवर ही सेवा झाली. परंतु २००१ साली अनेक संस्थांच्या सहकार्याने ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढून महाराष्ट्रात प्रत्यक्षात मरणारी बालके आणि सरकारी दप्तरात नोंदली जाणारी बालके यांच्यातील दरी जगापुढे मांडली, ही दाद झाली. बाळे वाचविणारा माणूस मेलेल्या बाळांचा हिशेब मागतो तेव्हा सरकारला तो ऐकावा लागतो; कारण त्याच्या शब्दामागे काम उभे असते.

अर्थात दोन्ही कामे एकाच छपराखाली झाली पाहिजेत, असा आमचा आग्रह नाही. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली स्वतः पुनर्विवाह केला आणि त्या सुधारणेसाठी मंडळीही स्थापन केली. परंतु १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा आश्रमाचे काम शिक्षणाचे, पुनर्विवाहाच्या प्रचाराचे नव्हे, ही मर्यादा त्यांनी कटाक्षाने पाळली. विधवा मुलींना त्यांच्या आईबापांनी आश्रमात पाठवावे, यासाठी ते आवश्यक होते. ही भीरुता नव्हती, विवेक होता. कारण कर्व्यांनी आपले मत कधी लपविले नाही. एका संस्थेने द्यावे, दुसरीने बोलावे, ही विभागणी मान्य होण्यासारखी आहे. देणाऱ्या संस्थेने बोलणाऱ्या संस्थेला शत्रू मानणे आणि बोलावयाची वेळ आली असता ‘आमचा त्याच्याशी संबंध नाही’ म्हणून अंग काढून घेणे, हे मात्र मान्य होण्यासारखे नाही.

आता आमच्या घराकडे वळू. बाजव्याप्रमाणेच सांकवाळच्या पठारावरही खताचा कारखाना आला. १९७३ साली झुआरीच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले आणि १९७४ साली वेळसांवच्या किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला. त्या वेळी जे नागरिक संघटित झाले, त्यांच्या अग्रभागी शिक्षकी पेशातील माथानी साल्ढाणा होते. पुढे रापणकारांच्या लढ्याचेही ते नेते झाले. त्या लढ्याच्या रेट्यानेच १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. आमच्या किनाऱ्यावरील हिंदू खारवी आणि ख्रिस्ती रापणकार या प्रश्नावर एकत्र आले, कारण जाळे रिकामे येते तेव्हा ते कोणाचा धर्म विचारीत नाही. खाणपट्ट्यातील कथा याहून गुंतागुंतीची आहे. तेथे खाणमालकांनी मिळून २००० साली मिनरल फाउंडेशन उभारले. शाळांना, दवाखान्यांना, पाणीयोजनांना त्यातून मदत झाली. त्याच गावांतील धूळ, गाळाने भरलेली शेते आणि आटलेले झरे यांच्याविषयीची दाद मात्र गोवा फाउंडेशनसारख्या वेगळ्या संस्थेला न्यायालयात मागावी लागली. २१ एप्रिल २०१४ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने खनिजविक्रीतील १० टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयाने नूतनीकरण केलेले ८८ खाणपट्टे रद्द ठरविले. या निर्णयांमुळे खाणीवर पोट असलेल्या ट्रकवाल्यांचे आणि कामगारांचे हाल झाले, हेही तितकेच खरे. त्या हालांविषयी बोलण्याचे कामही कोणीतरी करावयास हवे होते. गावातील सेवाभावी मंडळांना ते सर्वांत चांगले जमले असते. पण पुष्कळ ठिकाणी ती मंडळे गप्प राहिली.

ती गप्प का राहतात, याचे उत्तर आमच्या म्हणीतच आहे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी! परंतु ही पोळी आता पूर्वीसारखी केवळ मर्जीची राहिलेली नाही, हे संस्थाचालकांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये, १ एप्रिल २०१४ पासून, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावयाची आहे; आणि जेथे तिचा कारखाना चालतो त्या परिसराला प्राधान्य द्यावयाचे आहे. म्हणजे बाजव्याच्या अथवा सांकवाळच्या संस्थेला मिळणारा धनादेश हा शेठजींचा उपकार नसून कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे. कर्तव्याची पावती द्यावी, आभार मानावेत; पण त्यापोटी जीभ गहाण टाकण्याचे कारण नाही. देणगीच्या करारपत्रात ‘संस्थेने कंपनीविषयी प्रतिकूल मत व्यक्त करू नये’ अशा आशयाची अट असेल तर ती अट खोडून मगच सही करावी, आणि अट खोडता येत नसेल तर ती देणगी परत करावी. हा सल्ला कठोर वाटेल. परंतु ज्या गावात एखादे दिवशी स्फोट होऊ शकतो, त्या गावातील जबाबदार संस्थेने तोंड बांधून घेणे याहून अधिक कठोर आहे. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात बेन्झिनच्या टाकीला आग लागून दोघांचा बळी गेला. अशा प्रसंगी गावकऱ्यांनी कोठे जमावे, कोणत्या वाटेने बाहेर पडावे, जवळच्या दवाखान्यात भाजलेल्यांसाठी काय सोय आहे, हे प्रश्न आग लागण्यापूर्वी विचारावयाचे असतात. ते विचारण्याचा पहिला अधिकार आणि पहिली जबाबदारी त्या परिसरातील सेवाभावी संस्थांचीच नव्हे काय?

दुसरे भय कायद्याचे. ‘बोललो तर नोंदणी जाईल’ असे अनेक विश्वस्त खाजगीत सांगतात. हे भय अगदीच निराधार नाही. परदेशी देणग्यांविषयीचा २०१० चा कायदा कडक आहे आणि २०२० च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणे बंद झाले. लहान गावातील लहान संस्थेला याचा फटका बसला, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याच वर्षी ६ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, ज्या संघटनेचे कोणतेही पक्षीय राजकीय उद्दिष्ट नाही तिने लोकांच्या न्याय्य मागणीला पाठिंबा दिला, एवढ्यावरून तिला राजकीय ठरवून तिच्या परदेशी देणग्या रोखता येणार नाहीत. शिवाय बाजव्यातील अथवा फोंड्यातील बहुतेक मंडळांचा परदेशी पैशाशी संबंधच येत नाही. गुजरात आणि महाराष्ट्रात लागू असलेल्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात गरिबी वा दुःखाचे निवारण, शिक्षण आणि वैद्यकीय साहाय्य यांच्याबरोबरच सर्वसाधारण लोकोपयोगाचे अन्य कार्य हेही धर्मादाय मानलेले आहे. विहिरीचे पाणी शुद्ध असावे अशी मागणी लोकोपयोगाची नसेल तर मग कोणती असेल? निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार करणे वेगळे आणि प्रदूषण मंडळाकडे लेखी अर्ज करणे वेगळे, हा भेद ज्यांना कळतो त्यांना घाबरण्याचे फारसे कारण नाही.

याहून मोठा दोष मात्र आमच्या स्वतःच्या घरातील आहे. दाद मागावयास नैतिक बळ लागते आणि ते बळ चोख कारभारातून येते. आमच्या किती संस्थांत अध्यक्ष तहहयात असतो! कार्यवाह त्याचा मेव्हणा, कोषाध्यक्ष त्याचा व्यापारातील भागीदार आणि वार्षिक सभा म्हणजे चहा-चिवड्याचा कार्यक्रम. ताळेबंद वाचला जात नाही, ‘वाचला असे समजावे’ असा ठराव होतो. प्रत्यक्ष राबणाऱ्या बहुतेक स्त्रिया. व्यासपीठावर बसणारे बहुतेक पुरुष. ज्यांच्यासाठी संस्था चालते त्या वस्तीतला एकही माणूस कार्यकारिणीत नसतो. अशा संस्थेच्या अध्यक्षाने कारखान्याला ‘तुमचा हिशेब दाखवा’ असे म्हटले की व्यवस्थापक शांतपणे ‘आधी तुमचा दाखवा’ असे उत्तर देऊ शकतो, आणि मग संवाद तेथेच खुंटतो. देवस्थानांच्या महाजन-मंडळांतील भांडणे कोर्टात वर्षानुवर्षे लोंबकळताना ज्यांनी पाहिली आहेत, त्या आमच्या वाचकांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची जरुरी नाही.

म्हणून, ज्यांना अशा संस्थांचे नेतृत्व करावयाचे आहे, विशेषतः नोकरीतून निवृत्त होऊन ‘आता समाजासाठी काहीतरी करावे’ असे म्हणणाऱ्या सुशिक्षित मंडळींना, आम्ही काही गोष्टी सुचवू इच्छितो. पदाची मुदत घटनेत घालावी आणि ती संपताच पायउतार व्हावे. पुढचा कार्यवाह तयार करणे हे आजच्या कार्यवाहाचे पहिले काम समजावे. एकाच देणगीदाराचा वाटा इतका वाढू देऊ नये की त्याने हात आखडताच दिवा विझावा. शंभर घरांचे शंभर रुपये हे एका घरच्या दहा हजारांइतकेच भरतात, पण त्यांतून मिळणारे स्वातंत्र्य कितीतरी मोठे असते. जमाखर्च लोकांच्या भाषेत लिहून दर्शनी फळ्यावर लावावा. वस्तीतील दोन माणसे, त्यांत एक तरी स्त्री, कार्यकारिणीवर घ्यावी आणि त्यांना नुसते बसवून न ठेवता बोलू द्यावे. संस्थेचा पगारी कार्यकर्ता अर्धपोटी ठेवून त्याला ‘सेवा’ असे नाव देऊ नये. जो स्वतःच्या हक्काविषयी बोलू शकत नाही तो दुसऱ्याच्या हक्काविषयी काय बोलणार? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंदी ठेवाव्यात. कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या तारखेस कसे होते, किती मुलांना खोकला झाला, कोणत्या अर्जाला कोणते उत्तर आले, हे सारे तारीखवार लिहिलेले असावे. घोषणा विरून जाते, वही राहते. आणि न्यायालयाला वही लागते.

कोणी म्हणेल, हे सारे गावकीच्या राजकारणात टिकणार नाही. दोन दिवसांत कार्यकारिणीत दोन तट पडतील. पडतीलही. परंतु बाजव्याच्या परिसरात दिसलेली गोष्ट आपण विसरू नये. तेथे दवाखानेही उघडले आणि पाटही वाहत राहिला. औषध एका हाताने मिळाले आणि पाण्याची तक्रार दुसऱ्या हाताला वर्षानुवर्षे वाहावी लागली. हे दोन हात वेळीच एकमेकांच्या मदतीला गेले असते, दवाखान्याच्या नोंदवहीतील आजार आणि पाण्याच्या बाटलीतील विष एकाच अर्जात लिहिले गेले असते, तर दाद मिळावयास इतका काळ लागला नसता, असे आम्हांस वाटते. आमच्या गोव्यात अजून ही संधी गेलेली नाही. गावोगावी मंडळे आहेत, देवस्थाने आहेत, महिला संघ आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. येत्या वार्षिक सभेत त्यांपैकी प्रत्येकाने दान किती दिले याच्या आकड्याशेजारी दाद कशाची मागितली याचीही एक ओळ लिहावी. ती ओळ कोरी राहिली तर ती का राहिली, हे विचारण्याचा अधिकार सभासदांना आहे. आणि तो त्यांनी बजावावा.